ओळंबा आणि कॅमेरा : शहरातल्या वास्तूंच्या कलात्मक छायाचित्रणाविषयी

१९९४ च्या उन्हाळ्यात पवनीला माझ्या मामांचा वाडा पाडायला काढला. भावाभावांत वाटणी झाली होती आणि एका चौकाचे तीन तुकडे करून त्यावर तीन स्लॅब टाकायचे ठरले होते. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. मित्राकडून मागून आणलेल्या याशिका कॅमेऱ्यात लग्नाचा रोल संपत आला होता आणि तीन फोटो शिल्लक होते. त्यांतला एक मी वाड्याच्या दर्शनी बाजूचा घेतला. गल्ली अरुंद. समोरच्या घराच्या भिंतीला पाठ टेकवली, तरी माडीवरची कवेलू चौकटीत येईनात. म्हणून कॅमेरा वर केला आणि बटण दाबले.

महिनाभराने फोटो धुऊन आला तेव्हा वाडा उरला नव्हता. मामांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “भित ओरंब्यात होती गा. वाकडी तं तू केलास.” आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. ओरंबा म्हणजे ओळंबा, गवंड्याच्या हातातले दोरीला बांधलेले वजन. ज्या मिस्त्रीने ती भिंत बांधली, त्याने प्रत्येक थराला ओळंबा सोडून पाहिला होता. माझ्या फोटोत ती मागे कलली होती, जणू आताच आडवी होईल. वाड्याचा तेवढाच पुरावा उरला होता आणि तो खोटा होता.

त्या एका वाक्यामुळे मी या विषयाकडे वळलो. छायाचित्रणाचे शिक्षण मी कुठल्याही संस्थेत घेतलेले नाही. जुनी पुस्तके, नागपूर-मुंबईची प्रदर्शने आणि अलीकडे परदेशी ग्रंथालयांनी खुले केलेले जुने संग्रह यांतून जे कळले, ते इथे मांडतो आहे. प्रश्न दोन आहेत. इमारतीचा फोटो कला केव्हा होतो? आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला त्या कलेची गरज काय?

भिंत वाकडी का दिसते?

आधी मामांच्या तक्रारीचे उत्तर देतो. कॅमेऱ्यात जिथे प्रतिमा उमटते तो फिल्मचा किंवा सेन्सरचा पृष्ठभाग भिंतीला समांतर असेल, तर भिंतीच्या उभ्या रेषा फोटोतही समांतर राहतात. कॅमेरा वर वळवला की तो पृष्ठभाग कलतो. भिंतीचा वरचा भाग त्याच्यापासून अधिक दूर जातो आणि म्हणून लहान उमटतो. उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. डोळ्यालाही हे दिसतच असते, पण भिंत सरळ आहे हे मनाला ठाऊक असल्याने ते दुरुस्ती करून घेते. कागदावरच्या चित्राला मन ही सवलत देत नाही.

यावरचा उपाय कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात मागची काच ओळंब्यात ठेवायची आणि पुढची फक्त लेन्स वर सरकवायची. कॅमेरा मान वर करत नाही आणि तरीही इमारतीचा माथा चौकटीत येतो. ३५ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यांना ही सोय बराच काळ नव्हती. १९६० नंतरच्या काही वर्षांत निकॉनने सरकणारी लेन्स आणली आणि पुढे इतरांनीही. आज हातात फक्त मोबाइल असेल तरी चालते. समोरच्या गच्चीवर, इमारतीच्या निम्म्या उंचीवर जायचे. किंवा मागे जाऊन मोबाइल अगदी उभा धरायचा, खालचा जास्तीचा रस्ता चौकटीत येऊ द्यायचा आणि तो नंतर कापायचा.

ही नुसती तांत्रिक बाब नाही. बांधणाऱ्याने जे कष्टाने सरळ उभे केले, ते आपल्या सोयीसाठी वाकडे दाखवायचे नाही, हा एक शिष्टाचार आहे. वास्तूच्या छायाचित्रणाची सुरुवात मला तिथे होताना दिसते. मुद्दाम वाकडा कॅमेरा धरून चांगली चित्रे करणारेही होऊन गेले. पण ‘मुद्दाम’ या शब्दाला तिथे अर्थ आहे. माझा फोटो मुद्दाम वाकडा नव्हता.

पहिले छायाचित्रही घराचेच

आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कॅमेऱ्याचे चित्र फ्रान्समधल्या निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतले. त्यात छपरे आहेत, भिंती आहेत. ते उमटायला इतका वेळ लागला की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन दिसते. सकाळ आणि संध्याकाळ एकाच चित्रात आली. १८३८ मध्ये दागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, त्यात रस्ता ओस दिसतो. घोडागाड्या, पादचारी, फेरीवाले सगळे हलते होते म्हणून उमटलेच नाहीत. एक माणूस तेवढा उमटला, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता.

इमारत हलत नाही. म्हणून आरंभीच्या छायाचित्रकारांना ती हवीहवीशी वाटली. १८५१ मध्ये फ्रान्स सरकारने जुन्या वास्तूंची नोंद घेण्यासाठी पाच छायाचित्रकार देशभर पाठवले. त्यानंतर चारच वर्षांत आपल्याकडेही तसे काम सुरू झाले.

मुंबई, १८५४ नंतर

ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. हिंदुस्थानातली ती पहिली. कलकत्ता आणि मद्रास येथल्या संस्था त्यानंतरच्या. सभासदांत इंग्रज अधिकारी आणि व्यापारी बहुसंख्य असले तरी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटणारे हरिश्चंद्र चिंतामणी हे त्या वर्गाचे विद्यार्थी. मराठी माणसाचा कॅमेऱ्याशी संबंध इतका जुना आहे.

त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तोफखान्यातले अधिकारी थॉमस बिग्स यांना विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घ्यायला नेमले. सैन्याने त्यांना लवकरच परत बोलावले आणि डॉ. पिगू यांनी ते काम पुढे नेले. ही छायाचित्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्याच मालेतल्या अहमदाबादवरील ग्रंथाला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे दातेही तेच. एकाच माणसाने इमारत उभी करायला आणि इमारतींची चित्रे छापायला पैसा दिला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

या जुन्या चित्रांत आभाळ नेहमी कोरे दिसते. त्याचे कारण रसायनात आहे. तेव्हाच्या काचा आणि कागद निळ्या प्रकाशाला फार हळवे आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळे होते. निळे आभाळ जळून पांढरे होई आणि लाल कवेलू काळी पडत. १८५१ नंतर आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि ओली असतानाच धुवावा लागे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काळोखा तंबू, बाटल्या, पाणी आणि हमाल. मे महिन्याच्या उन्हात काच किती भराभर सुकत असेल, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको.

माणसांचे काय झाले? विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांवर १८६३ ते १८६६ या काळात एक सचित्र ग्रंथ काढला. त्यात मंडळी मुंबईच्या ठिकाणांपुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात माणसांचे फोटो वेगळे घेतलेले, ठिकाणांचे वेगळे, आणि दोन्ही नंतर जोडलेले आहेत. शहरातून माणूस आधी नाहीसा झाला आणि मग वरून चिकटवला गेला. ही युक्ती नीट लक्षात ठेवावी. वास्तूंच्या आजच्या चित्रांनाही माणसांचा हा प्रश्न सुटलेला नाही.

त्याच दशकात मुंबई किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या जागेत नवे शहर उठले. १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला, त्यानंतर दहा वर्षांच्या आत व्हिक्टोरिया टर्मिनस. या इमारतींची चित्रे पाहुण्यांना विकली जात आणि अल्बमांत चिकटवली जात. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. ते मूळचे रुडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकलेले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केलेले. त्यांच्या चित्रांतल्या कमानी आणि खांब ओळंब्यात का असतात, याचे उत्तर मला त्यांच्या त्या नोकरीत सापडते.

नोंद आणि कला

आतापर्यंतची बहुतेक चित्रे नोंदीसाठी घेतलेली होती. मग त्यांना कला का म्हणायचे? तीन उदाहरणे देतो.

इंग्लंडचे फ्रेडरिक इव्हान्स आधी पुस्तकविक्रेते होते. १९०३ मध्ये त्यांनी वेल्सच्या चर्चमधल्या एका झिजलेल्या दगडी जिन्याचे चित्र घेतले. पायऱ्या लाटांसारख्या उसळत वर जातात आणि शेवटी कमानीतून उजेड येतो. चर्च केवढे, कोणत्या शतकातले, हे त्या चित्रातून कळत नाही. शेकडो वर्षे माणसे त्या जिन्याने चढली, एवढे मात्र कळते.

पॅरिसचे यूजीन अत्जे १८९७-९८ पासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत जुन्या पॅरिसची दारे, जिने, दुकाने, अंगणे टिपत राहिले. आपण चित्रकारांना उपयोगी पडणारे कागद तयार करतो, एवढाच त्यांचा दावा होता. पहाटे, रस्ते रिकामे असताना ते जड कॅमेरा घेऊन निघत. आज त्यांना या कलेतला मोठा माणूस मानतात. स्वतःला कलावंत न म्हणवता तीस वर्षे एकाच शहराकडे पाहत राहिल्याने हे घडले.

तिसरे उदाहरण जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याचे. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे, भट्ट्या यांची चित्रे घेतली. नेहमी समोरून, नेहमी ढगाळ दिवशी, सावली पडू न देता. मग एकाच प्रकारच्या नऊ-बारा टाक्या ओळीने लावल्या. एक टाकी पाहिली तर टाकीच दिसते. बारा एकत्र पाहिल्या की प्रत्येकीचा चेहरा वेगळा दिसू लागतो. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला आणि तोही शिल्पकलेचा.

या तिघांवरून मला असे वाटते की वास्तूचे चित्र कला होते ते चार निर्णयांमुळे. कोणत्या वेळी पाहायचे, कुठे उभे राहायचे, चौकटीबाहेर काय ठेवायचे आणि कोणत्या चित्राशेजारी कोणते चित्र मांडायचे. घाईने घेतलेल्या फोटोतही या चारही गोष्टी घडतात, पण त्या आपोआप घडतात. कलावंत त्यांची जबाबदारी घेतो. कृष्णधवल करणे, मिनिटभर शटर उघडे ठेवून ढगांचे पट्टे ओढणे, संध्याकाळच्या निळ्या वेळेची वाट पाहणे या सगळ्या युक्त्या या चार निर्णयांच्या चाकरीत असतील तरच शोभतात. एरवी ते चित्र कॅलेंडरच्या कामाचे.

मात्र एक धोका सांगायला हवा. पडक्या भिंतीचे चित्र फार लवकर सुंदर होते. तिरपे ऊन, निघालेला गिलावा, मधून उगवलेला पिंपळ, बस्स! पाहणारा हळहळतो आणि पुढे जातो. भिंत का पडली, तिथे राहणारा कुठे गेला, हे विचारावेसे वाटत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. बंद गिरणीची मोकळी शेड चित्रात भव्य दिसेल, पण ज्यांची पाळी तिच्या भोंग्यावर सुरू होई त्यांना ती भव्य वाटेल का? रिकामी चौकट ही जुन्या कॅमेऱ्याची लाचारी होती. आजचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात माणूस टिपतो. तरीही चौकट रिकामी ठेवली, तर तो निर्णय आपला असतो आणि त्याचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

भंडाऱ्यात काय आहे?

“तुमच्याकडे फोटो काढण्यासारखे आहेच काय?” असे मला मुंबईच्या एका जाणकाराने विचारले होते. मुंबईचे एक उदाहरण त्याच्याच उपयोगाचे आहे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या काठची १९३० च्या आसपासची आर्ट डेको घरे ही मुख्यतः राहती घरे. अनेकांच्या लेखी त्या नुसत्या जुन्या बिल्डिंगा होत्या. लोकांनी एकेक जिना, जाळी, नावाची पाटी, गच्चीचा कठडा टिपून त्यांची नोंद केली, संशोधन केले, आणि २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबर ही घरेही जागतिक वारसा यादीत गेली. पाहण्याची सवय आधी लागते, वारसा ही पदवी मागाहून येते.

आमच्याकडे पवनीचा दरवाजा आणि तट आहे. तिथेच १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली, उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणले. त्यामुळे जमिनीखालच्या पवनीची छायाचित्रे अहवालात छापलेली आहेत. जमिनीवरच्या पवनीची, तिच्या वाड्यांची आणि देवळांच्या गल्ल्यांची तशी सलग चित्रमाला मी अजून पाहिलेली नाही. भंडाऱ्याचा किल्ला आज तुरुंग आहे, तेव्हा आत कॅमेरा नेता येत नाही. पण जिल्हा म्हणजे किल्लेच नव्हेत. तुमसरच्या धानाच्या गिरण्या आहेत. बेशर दांपत्याने पाहिल्या असत्या तर ती दोघे आठवडाभर हलली नसती. वरठीचे भंडारा रोड स्टेशन आहे, भंडाऱ्यातल्या पितळी भांड्यांच्या कारागिरांची कामाची घरे आहेत. श्रावणातले आमचे ढगाळ आभाळ बिनसावलीच्या चित्रासाठी जर्मनीपेक्षा कमी नाही. आणि दिवाळीनंतरचे कलते ऊन विटेची प्रत्येक सांध दाखवते.

आणि गोसीखुर्द आहे. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पाणी अडले तेव्हा भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावेच्या गावे उठली. घरांची मोजमापे झाली, पंचनामे झाले, मोबदल्याचे आकडे ठरले. त्या कागदांत लांबी-रुंदी आहे. पण ओसरीवर दुपारी तीन वाजता ऊन कुठवर येई, उंबरा कोणत्या बाजूला झिजला होता, हे पंचनाम्यात मावत नाही. ते चित्रात मावते. ज्यांच्याकडे लग्नाचे दोन-चार फोटो होते, त्यांच्या घराची भिंत नवरा-नवरीच्या मागे अर्धवट दिसते. गावाचे तेवढेच चित्र उरलेले असते.

काय करता येईल?

हे काम कुणा एकाचे नाही आणि त्याला महाग कॅमेराही लागत नाही. आपल्या गावातली एक ओळ निवडावी. एकाच जातीच्या दहा गोष्टी : दहा दारे, दहा गिरण्या, दहा ओसऱ्या. शक्यतो एकाच प्रकारच्या उजेडात, सारख्या अंतरावरून, भिंत ओळंब्यात ठेवून फोटो घ्यावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वास्तूचे छायाचित्र घेणे वा प्रसिद्ध करणे हा वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही. पण कायदा वेगळा आणि ओसरी वेगळी. घरच्यांना विचारून, चहा घेऊन, मगच कॅमेरा काढावा. घरातले कुणी चौकटीत येत असेल तर येऊ द्यावे. जागा, तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, घर कुणी बांधले, हे लिहून ठेवावे. शेवटी चांगल्या कागदावर छापून एक प्रत घरच्यांना आणि एक गावच्या वाचनालयाला द्यावी. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात. अत्जेचे राहिले ते कागदावर आणि काचेवर होते म्हणून, आणि बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी ते जपले म्हणून.

मामांच्या वाड्याची गोष्ट पुरी करतो. काही वर्षांपूर्वी ती निगेटिव्ह मी संगणकावर घेतली. आता संगणक वाकडी भिंत सरळ करून देतो. चित्राचा वरचा भाग दोन्हीकडे ताणायचा आणि चौकटीबाहेर गेलेले कोपरे कापायचे. भिंत ओळंब्यात आली. मामा ते पाहायला नव्हते. मी छापून आणले आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा काय कापले गेले ते दिसले. जुन्या फोटोत माडीच्या अगदी कडेच्या खिडकीत कुणीतरी उभे आहे. भिंग लावून पाहिले. मामी होती. वाडा सोडायच्या आदल्या दिवशी ती वर जाऊन उभी राहिली होती आणि इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाचे तिकडे लक्ष गेले नव्हते. सरळ केलेल्या चित्रात ती नाही.

दोन्ही प्रती मी ठेवल्या आहेत. एकीत मिस्त्रीची भिंत सरळ आहे, दुसरीत मामी आहे. कॅमेरा पुरेसा मागे नेला असता, समोरच्या घरच्यांना विचारून त्यांच्या माडीवर गेलो असतो, तर दोन्ही एकाच चित्रात आल्या असत्या. समोरचे ते घर पवनीत अजून उभे आहे. या दिवाळीनंतर, ऊन कलू लागले की, त्यांच्या परवानगीने त्याचा फोटो घ्यायला जाणार आहे.